ब्लॉगवर न मागता आलेला फोटो



या महिन्याचा प्रश्न दापोली तालुक्यातल्या एका भगिनीचा आहे. नाव छापू नये असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. त्या दोन वर्षांपासून वर्डप्रेसवर एक छोटा ब्लॉग चालवतात. सांदण कसे करावे, इफ्तारीला कमी तेलात काय करता येते, बाळंतिणीला काय द्यावे, नानीच्या तोंडच्या जुन्या म्हणी असे त्यांचे लिखाण असते. वाचणाऱ्या बहुतेक बायकाच. ब्लॉगवर त्यांनी स्वतःचा फोटो कधीच टाकलेला नाही.

असे असताना कुवेतला नोकरी करणाऱ्या त्यांच्या दिरांचा घरी फोन आला, "भाभींचा फोटो इंटरनेटवर कसा काय?" पाहिले तर खरेच. एका वाचकाला दिलेल्या उत्तराशेजारी, नावाच्या बाजूला, त्यांचा कॉलेजच्या दिवसांतला फोटो दिसत होता. सासऱ्यांनी समजुतीच्या स्वरात सांगितले, "बेटी, लिहितेस चांगले, पण आता हे पुरे कर." भगिनी विचारतात, "मी टाकलाच नाही तो फोटो आला कुठून? तो काढता येतो, की ब्लॉगच बंद करावा?"

आधी उत्तर सांगतो, कारण मग सविस्तर. ब्लॉग बंद करू नका. वर्डप्रेसमध्ये एका चौकटीतली टिक काढायची आहे. दोन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर आणखी दोन-तीन ठिकाणी झाडलोट करावी लागेल, तीही घरबसल्या होते.

फोटो आला कुठून?

या सोयीचे नाव ग्रॅव्हॅटर. टॉम प्रेस्टन-वर्नर या अमेरिकी प्रोग्रामरने ती सुरू केली. २००७ साली ती ऑटोमॅटिक या कंपनीने विकत घेतली. वर्डप्रेस डॉट कॉम चालवते तीच ही कंपनी. २००८ च्या मार्चमध्ये वर्डप्रेसची २.५ ही आवृत्ती आली, तेव्हापासून ही सोय वर्डप्रेसमध्येच बसवलेली आहे आणि नवा ब्लॉग उघडला की ती चालूच असते.

कल्पना साधी आहे. तुम्ही एकदा एका ईमेल पत्त्यासोबत आपला फोटो नोंदवायचा. मग तोच ईमेल देऊन तुम्ही ज्या ज्या ब्लॉगवर लिहाल किंवा प्रतिक्रिया द्याल, तिथे तो फोटो आपोआप येतो. आपला चेहरा लोकांनी ओळखावा असे ज्यांना वाटते त्यांना हे सोयीचे आहे. अडचण आहे ती फोटो कधी नोंदवला हे विसरून गेलेल्यांची.

बहुतेकांच्या बाबतीत असे घडते. दहा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना वर्डप्रेस डॉट कॉमवर खाते उघडले, त्याच्या प्रोफाइलला फोटो लावला. तिथे लावलेला फोटो हाच ग्रॅव्हॅटरचा फोटो असतो, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. खाते विस्मरणात गेले, ईमेल मात्र तोच राहिला. आज त्याच ईमेलवर नवा ब्लॉग सुरू केला आणि जुना फोटो मागोमाग आला. कोणी चोरला नाही, कोणी खोडसाळपणा केला नाही. आमच्या भगिनींच्या बाबतीतही, त्यांनी पत्रात लिहिलेल्या तपशिलावरून, असेच झालेले दिसते. घरातल्या मंडळींनी हे एवढे समजून घेतले तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

टिक कुठे काढायची?

संगणकावर किंवा मोबाईलच्या ब्राउझरमध्ये आपल्या ब्लॉगचा डॅशबोर्ड उघडा. डाव्या बाजूच्या यादीत 'सेटिंग्ज' आणि त्यात 'डिस्कशन' असे पान आहे. ते प्रतिक्रियांचे पान आहे. खालपर्यंत या. तिथे 'अवतार्स' असा भाग दिसेल. त्यात 'शो अवतार्स' या शब्दांपुढे टिक असेल. ती काढा आणि अगदी खालचे 'सेव्ह चेंजेस' हे बटण दाबा. बटण दाबल्याशिवाय पान बंद केले तर बदल राहत नाही.

आता ब्लॉगवर तुमचाच नव्हे, प्रतिक्रिया देणाऱ्या कोणाचाच फोटो दिसणार नाही. फक्त नाव आणि मजकूर राहील.

इथे एक गफलत हमखास होते. त्याच भागात 'डीफॉल्ट अवतार' अशी यादी आहे आणि तिच्यात 'ब्लँक', म्हणजे कोरे, असा पर्याय आहे. पुष्कळजण तो निवडतात आणि काम झाले समजतात. पण तो पर्याय फक्त ज्यांनी फोटो नोंदवलेला नाही त्यांच्यासाठी आहे. ज्यांचा फोटो ग्रॅव्हॅटरवर आहे, त्यांचा चेहरा 'ब्लँक' निवडूनही दिसतच राहतो. म्हणून वरची टिकच काढायला हवी.

त्या यादीत 'मॉन्स्टर आयडी' नावाचाही एक पर्याय आहे. तो चुकून निवडला गेला तर फोटो नसलेल्या प्रत्येक वाचकाच्या नावाशेजारी एकेक वेगळा राक्षस काढला जातो. मोहल्ल्यातल्या एखाद्या बुजुर्गांनी मोठ्या शफकतीने चार ओळी लिहाव्यात आणि त्यांच्या नावाशेजारी तीन डोळ्यांचे भूत बसावे, हे काही बरे दिसत नाही.

'सेटिंग्ज' हा शब्दच यादीत दिसत नसेल तर घाबरू नका. तुमचा ब्लॉग भावाने किंवा भाच्याने सुरू करून दिला असेल आणि तुम्हाला फक्त लिहिण्याचा अधिकार दिला असेल. वर्डप्रेसमध्ये 'ऑथर' किंवा 'एडिटर' म्हणून नोंद असलेल्याला सेटिंग्ज दिसत नाहीत, 'ॲडमिनिस्ट्रेटर'लाच दिसतात. भावाला सांगून टिक काढून घ्या. त्याच वेळी त्याला प्रेमाने हेही सांगा की माझ्या नावाची नोंदही ॲडमिनिस्ट्रेटर अशी कर. लिखाण जिचे, चावी तिच्याही हातात असावी.

टिक काढूनही फोटो दिसत असेल तर तीन गोष्टी तपासा. पान पुन्हा लोड करा. ब्लॉग वेगाने उघडावा म्हणून कॅशचे प्लगिन बसवले असेल तर त्यातला जुना साठा रिकामा करा. आणि लेखाखाली 'लेखकाविषयी' अशी वेगळी चौकट असेल तर ती थीमच्या किंवा प्लगिनच्या सेटिंग्जमधून बंद करा, कारण काही वेळा तिथला फोटो वेगळा लावलेला असतो.

एवढ्याने भागते का?

नाही. टिक काढली ती आपल्या ब्लॉगपुरती. फोटो ग्रॅव्हॅटरकडे आहेच, आणि त्याच ईमेलने दुसऱ्याच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया दिली की तिथे तो पुन्हा दिसेल. म्हणून ग्रॅव्हॅटर डॉट कॉमवर जाऊन त्याच ईमेलने प्रवेश करा. वर्डप्रेस डॉट कॉमचा जुना पासवर्ड तिथे चालतो. विसरला असाल तर ईमेलवरून नवा करून घेता येतो. आत गेल्यावर फोटो काढून टाका. प्रोफाइलमध्ये नाव, गाव, काही लिहिलेले असेल तर तेही पुसा. एखाद-दोन दिवस काही ठिकाणी जुना फोटो दिसू शकतो, नंतर जातो. गूगलच्या शोधात तो तरीही येत राहिला तर बदललेल्या पानाचा जुना मजकूर काढण्याची विनंती करायचे गूगलचे मोफत पान आहे, त्याचा उपयोग करा.

जुना ईमेलच आता उघडत नसेल तर? मग ब्लॉगला नवा ईमेल द्या. डॅशबोर्डवर 'यूजर्स', त्यात 'प्रोफाइल', तिथे ईमेल बदला. नव्या पत्त्यावर खात्री करणारी मेल येते, त्यातला दुवा दाबला की बदल पक्का होतो. तसेही, घरच्या आणि बँकेच्या कामाचा ईमेल वेगळा आणि लिखाणाचा वेगळा ठेवणे केव्हाही चांगले.

ईमेलवर एवढा भर का देतो आहे ते सांगतो, कारण इथे फोटोपेक्षाही मोठी गोष्ट आहे. प्रतिक्रियेच्या चौकटीवर वर्डप्रेस लिहिते की तुमचा ईमेल प्रसिद्ध केला जाणार नाही. ते खरे आहे. पण फोटो शोधण्यासाठी त्या ईमेलपासून गणिताने एक लांबलचक अक्षर-अंकांची ओळ तयार होते आणि ती फोटोच्या पत्त्यात घातली जाते. एमडी५ या वर्षानुवर्षे वापरलेल्या पद्धतीत ही ओळ ३२ अक्षरांची असते. पानाचा मूळ कोड उघडणाऱ्या कोणालाही ती वाचता येते. एका ईमेलची ओळ नेहमी एकच येते. ओळीवरून थेट ईमेल निघत नाही, पण एखाद्याचा ईमेल आधीच माहीत असेल तर त्याची ओळ तयार करून ताडून पाहता येते.

आता एक उदाहरण घ्या. एखादी बहीण 'एक बहन' एवढेच नाव लिहून आरोग्याच्या ब्लॉगवर आजाराबद्दल विचारते, किंवा खुलअचा सल्ला मागते. नाव लपवले, पण ईमेल खरा दिला. तिचा ईमेल ओळखणारा कोणी मुद्दाम पडताळायला बसला तर ती कोण हे त्याला कळू शकते.

हे नुसते कागदावरचे भय नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एका सुरक्षा-अभ्यासकाने दाखवून दिले की ग्रॅव्हॅटरवरच्या उघड्या प्रोफाइल्स क्रमाने गोळा करता येतात. पुढे १६ कोटी ७० लाख नोंदी अशाच गोळा करून वाटल्या गेल्या. त्यांत नावे, वापरनावे आणि या ओळी होत्या. त्यांपैकी ११ कोटी ४० लाख ओळींमागचे ईमेल शोधून काढण्यात आले. पासवर्ड त्यांत नव्हते आणि बरीच माहिती लोकांनी स्वतःच उघडी ठेवलेली होती, हेही सांगायला हवे. पण आपण काय उघडे ठेवले आहे हे त्यांतल्या किती जणांच्या लक्षात असेल?

म्हणून जे स्वतः ब्लॉग चालवतात त्यांच्यावर वाचकांचीही जबाबदारी आहे. तुमच्या ब्लॉगवर विश्वासाने प्रश्न विचारणारी भगिनी तुमच्याकडे अमानत ठेवून जाते. 'शो अवतार्स'ची टिक काढली की तिच्या ईमेलची ती ओळही पानावर उमटत नाही. टिक काढण्याचे हे सगळ्यात मोठे कारण आहे.

ब्लॉगर वापरणाऱ्यांसाठी

गूगलचे ब्लॉगर वापरणाऱ्या भगिनीही खूप आहेत. तिथे ग्रॅव्हॅटर नाही. तुमचे नाव आणि फोटो ब्लॉगरच्या किंवा गूगलच्या प्रोफाइलमधून येतो. 'सेटिंग्ज'मध्ये 'यूजर प्रोफाइल' उघडा. तिथे 'शेअर माय प्रोफाइल' हे बंद करता येते आणि फोटोही काढता येतो. 'लेआउट'मध्ये 'अबाउट मी' नावाची चौकट लावलेली असेल तर ती काढा.

ब्लॉगरमध्ये चित्रांची आणखी एक न मागता आलेली सोय आहे, लाइटबॉक्स. लेखातल्या फोटोवर बोट ठेवले की पान झाकले जाते आणि काळ्या पडद्यावर तो फोटो मोठा होऊन येतो. २०११ साली गूगलने ती सगळ्यांच्या ब्लॉगवर सुरू केली तेव्हा पुष्कळ ब्लॉग लिहिणाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि मग ती बंद करण्याचा पर्याय देण्यात आला. 'सेटिंग्ज'मध्ये 'पोस्ट्स' या भागात 'इमेज लाइटबॉक्स'ची कळ आहे. नको असेल तर ती बंद करा.

फोटोसोबत काय काय जाते?

स्वतःचा चेहरा दिसू नये याची काळजी घेणाऱ्या भगिनीही पदार्थांचे फोटो बिनधास्त टाकतात, आणि टाकावेतच. पण मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो जिथे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलमध्येच नोंदले जातात. म्हणजे बिर्याणीच्या हंडीचा फोटो आणि त्याच्या पोटात तुमच्या घराचा पत्ता. वर्डप्रेस मोठ्या फोटोची लहान प्रत तयार करून पानावर दाखवते, पण तुम्ही चढवलेली मूळ फाइलही सर्व्हरवर ठेवते. २०१८ पासून वर्डप्रेस ब्लॉगवाल्यांना गोपनीयता धोरणाचा जो नमुना मजकूर देते, त्यातही असे ठिकाण नोंदलेले फोटो चढवू नका असा इशारा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा, म्हणजे पुढची चिंता मिटली.

दुसरी गोष्ट, वर्डप्रेसमध्ये चढवलेल्या प्रत्येक चित्रासाठी एक स्वतंत्र पानही आपोआप तयार होत असे आणि ते गूगलच्या शोधात येऊ शकते. नोव्हेंबर २०२३ मधल्या ६.४ आवृत्तीपासून नव्या ब्लॉगवर हे बंद आहे. पण त्याआधी सुरू केलेल्या ब्लॉगवर ते चालूच राहते आणि नेहमीच्या सेटिंग्जमध्ये त्याची कळ नाही. योस्टसारखे शोधासाठीचे प्लगिन वापरत असाल तर त्यात ही पाने बंद करता येतात. नसेल तर जाणकाराकडून करून घ्या.

प्रश्न इजाजतीचा आहे

तसवीर जायज की नाजायज, कुठवर आणि कशासाठी, हा आलिमांच्या अभ्यासाचा विषय आहे. त्यात मी पडत नाही. इथला प्रश्न इजाजतीचा आहे. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये अशी ताकीद आहे, आणि परत जा म्हटले तर परत जावे असेही सांगितले आहे. दाराची ही तहजीब फोटोलाही लागू व्हायला हवी. ज्याचा चेहरा त्याला आधी विचारावे. आपण होऊन चालू असलेली सोय हे विचारणे टाळते. नको असेल तर तुम्हीच येऊन बंद करा, असे ती गृहीत धरते.

आपल्या घरांत ही भीती वायफळ नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ रोजी मुस्लिम महिलांचे फोटो समाजमाध्यमांवरून उचलून, त्यांचा 'लिलाव' मांडणारी ॲप्स गिटहब या संकेतस्थळावर टाकण्यात आली होती. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, एक वैमानिकही होती. जानेवारीतल्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवून अटकाही केल्या. तेव्हापासून अनेक आई-वडिलांच्या मनात धास्ती बसली आहे. सासऱ्यांचे "पुरे कर" हे शब्द त्या धास्तीतून आले असतील, तर ते समजण्यासारखे आहेत.

पण त्या प्रकरणातून कोणता धडा घ्यायचा हे नीट ठरवले पाहिजे. ज्या महिलांनी स्वतःच्या मर्जीने आपला फोटो लावला होता त्यांचा काही गुन्हा नव्हता. गुन्हा उचलणाऱ्यांचा होता. आणि त्या महिलांपैकी कित्येकींनी बोलणे थांबवले नाही, पोलिसांत तक्रारी दिल्या. असे कोणावर ओढवलेच तर पानाचे स्क्रीनशॉट आणि पत्ता जपून ठेवावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या केंद्र सरकारच्या पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारींसाठी पोर्टलवर वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येते.

कोणाला फोटो लावायचा असेल तर तिने लावावा, कोणाला नको असेल तर नको. दोन्ही निर्णय तिचे. फोटो नको म्हणून लिखाणच नको, हा हिशेब मात्र चुकीचा आहे. मराठीत, आपल्या घरातल्या बोलीत, आपल्या स्वयंपाकाबद्दल आणि रीतिरिवाजांबद्दल लिहिणाऱ्या मुस्लिम बायका आधीच थोड्या आहेत. नानी गेल्यावर तिची सांदणाची कृती आणि तिच्या म्हणी कुठे सापडणार? त्या भगिनींच्या ब्लॉगवर सापडतील, तो चालू राहिला तर.

सासऱ्यांना, दिरांना माझी अदबीने विनंती आहे. हे पान वाचून झाले की सूनबाईंसोबत बसा, डॅशबोर्ड उघडा आणि टिक काढताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग त्यांना पुढचा लेख लिहायला सांगा.

आठवणीसाठी

१. वर्डप्रेस : सेटिंग्ज, डिस्कशन, 'शो अवतार्स'ची टिक काढा, सेव्ह करा. 'ब्लँक' निवडून भागत नाही.
२. ग्रॅव्हॅटर डॉट कॉमवर जाऊन जुना फोटो आणि प्रोफाइलमधला मजकूर काढा.
३. लिखाणासाठी आणि प्रतिक्रियांसाठी वेगळा ईमेल वापरा.
४. ब्लॉगर : 'शेअर माय प्रोफाइल' आणि 'इमेज लाइटबॉक्स' तपासा.
५. मोबाईलच्या कॅमेऱ्यातले लोकेशन बंद करा.
६. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून आपले स्वतःचे नाव आहे ना, ते पाहा.

प्रश्न पाठवताना कोणता मोबाईल किंवा कोणते सॉफ्टवेअर वापरता ते जरूर लिहा. नाव छापू नये असे वाटत असेल तर तसेही लिहा, ते छापले जाणार नाही. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, नव्या प्रश्नासह भेटू.

अल्लाह हाफिज.